न थकणारं मांस

माझ्या अंगावर सहा डाग आहेत. तीन बेंबीभोवती आहेत. मी तान्हा असताना पोट दुखून रडत होतो म्हणून मामाने तापल्या सळईने दिलेले. दोन छातीवर. सहावा उजव्या तळहातावर आडवा आहे. त्यामुळे बोरू नीट धरता येत नाही आणि चार ओळी झाल्या की थांबावं लागतं. वाचताना कुठे खंड जाणवला तर कारण एवढंच.

मी अमरावतीच्या मराठी शाळेत शिकवतो. मला वैद्यकी येत नाही. ज्यांचा दम कोंडतो त्यांच्या घरच्यांसाठी मी हे लिहितो आहे. ज्याचा कोंडतो त्याला त्या वेळी वाचायची सवड नसते. माझी बायको सखू या आजारात गेली. मी त्याच आजारातून उठलो. ती गेली आणि मी राहिलो, याचं कारण औषध नव्हतं आणि पुण्याईही नव्हती. ते कारण सांगायचं आहे. ते सांगताना मी काय केलं तेही सांगावं लागेल.

घरातला कापूस

अमेरिकेत लढाई लागली आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हता एवढा भाव आला. अमरावतीच्या बाजारात गाड्या मावेनात. लोक कापूस विकायचे नाहीत, अजून चढेल म्हणून घरात भरून ठेवायचे. आमच्या घरीही तेच. आधी कोठी भरली, मग मधलं घर, मग देवघरात देवांपुढे एक पाट बसेल एवढीच जागा राहिली. माणसं ओसरीत निजायला आली आणि कापूस आत निजला.

सरकी काढायला तीन रेचे होते. रेचा म्हणजे एक लाकडी आणि एक लोखंडी लाट, मधून कापूस घालायचा, हाताने फिरवायचं. रुई पलीकडे पडते, सरकी अलीकडे. वारा आला की रुई उडते, म्हणून दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. आत बायका बसत. एका रेच्यावर माझी आई, समोरच्या रेच्यावर सखू. संध्याकाळी दार उघडलं की आतून धूर यावा तसं रुईचं बारीक तूस बाहेर येई.

सुटीच्या दिवशी मी उंबऱ्यावर बसून वाचून दाखवायचो. सखू म्हणायची, "वाचा मास्तर, हात गुतले हायेत, कान रिकामेच हायेत." तिला अक्षरं मीच शिकवली होती. पाटी लागली नाही. पाटावर बसलेल्या तुसात ती बोटाने अक्षर काढी, आणि फुंकर मारून पुसून टाकी.

त्या वर्षी ती आठ दिवस अकोटला माहेरी गेली. परत आली ती तजेलदार, खोकला गेलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रेच्यावर बसली.

खांब

दुपारी मी शाळेतून आलो तेव्हा ती ओसरीच्या खांबाला दोन्ही हातांनी धरून, पुढे वाकून उभी होती. खांदे वर चढलेले. गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती आणि छातीतून बारीक शीळ येत होती, चुलीवर भांडं वाजावं तशी. मी नाव घेऊन हाक मारली. तिने मान हलवली. बोलायला हवा पुरत नव्हती.

आई म्हणाली, "माहेरहून आली न लगेच असं झालं. तिकडचंच काही लागलं हिले."

मामाला बोलावणं गेलं. तुळशीराममामा, आईचा धाकटा भाऊ, आमच्या आळीत डाग द्यायला तोच. जुन्या रेच्याची लोखंडी सळई घासून त्याने डागणी केली होती. लहान पोरांचं पोट, म्हाताऱ्यांची कंबर, बायकांची झपाटणी, सगळ्याला तीच सळई. लोक त्याला मानत. मीही मानत होतो. मी पुस्तकं वाचली होती, पण माझ्या पोटावर त्याचे तीन डाग होते आणि मी जिवंत होतो; मला तो पुरावा वाटे.

मामाने तिची बोटं खांबावरून एकेक करून सोडवली. ती चावली त्याला. त्याने तिच्या कानशिलात मारली आणि म्हणाला, "ही नाई चावून राहिली, आतलं चावून राहिलं." तिला जमिनीवर उताणं पाडलं. आडवी होताच तिचे डोळे पांढरे झाले. ती उठून बसायला धडपडू लागली. आणि जेवढी ती उठू पाही तेवढं आम्ही दाबलं. मामाकडे सळई होती. छाती दुसऱ्या कोणी दाबली. पाय मी धरले.

तिची टाच माझ्या तोंडावर बसली, दात ओठात घुसला, रक्त आलं. मी अजून घट्ट धरलं. तिने मान उचलून एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आतलं जे काही आहे ते पाहतंय.

पहिल्या डागाला तिचं अंग कमानीसारखं वर आलं. दुसऱ्याला थोडं. तिसऱ्याला हललंच नाही.

मामा घाम पुसत म्हणाला, "पाह्य. निवली."

आईने पदराने वारा घालायला सुरुवात केली. मी सखूचे पाय धरूनच होतो. ते सोडायचे हे मला कोणी सांगितलं नाही आणि माझ्याही लक्षात आलं नाही.

चौदावा दिवस

तेरा दिवस सुतक. रेचे भिंतीला टेकवून ठेवले. घर झाडलं, दारं उघडी राहिली, माणसं येत-जात राहिली. मला त्या हंगामात खोकला लागला होता आणि संध्याकाळी छाती जड व्हायची. तेही त्या तेरा दिवसांत थांबलं. मला स्वतःची लाज वाटली. बायको गेली आणि याची तब्येत सुधारली.

चौदाव्या दिवशी रेचे सुरू झाले. एक हात कमी होता म्हणून मी सखूच्या जागी बसलो. तिच्या पाटावर तूस पुन्हा बसू लागलं.

दुपार होता होता कोणीतरी आतून दावं आवळावं तशी छाती आवळली. हवा आत येत होती, पण बाहेर जात नव्हती. हे सांगूनही कळत नाही. माणसाला वाटतं श्वास घेता येत नाही. खरं तर सोडता येत नाही. घेतलेला तसाच आत साठतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि छाती कापूस ठासलेल्या बोंदरीसारखी फुगून राहते. मी उठलो, कशाला तरी धरायचं म्हणून चाचपडलो. हाताला खांब लागला. तोच.

आई किंचाळली. "सखूनं धरलं त्याले! चौदा दिस नाई झाले न धरलं!"

मामा आला. शेजारचे दोन गडी आले. मला आडवं पाडलं आणि तेव्हा मला कळलं, अंगाने कळलं, सखू का धडपडत होती. आडवं होताच जे थोडं चाललं होतं तेही बंद पडतं. मी लाथा मारल्या. माझी नखं एका गड्याच्या दंडात शिरली. आई माझ्या तोंडावर वाकून, माझ्याशी नाही, सखूशी बोलत होती. "सोड माह्या लेकराले, रांडे! जिती होती तवा काय कमी केलं होतं तुले? सोड!" मला ओरडून सांगायचं होतं की ती इथे नाही. एक शब्दही निघाला नाही.

पहिला डाग. दुसरा. माझ्या मांसाचा वास मला आला.

तेवढ्यात दारात रमजानचाचा उभे राहिले. आमच्या मागच्या अंगणाला लागून त्यांचं घर, धंद्याने पिंजारी. हातात कापूस पिंजायची लाकडी मोगरी होती, तशीच घेऊन आले होते. आमच्या घराच्या आत ते त्याआधी कधी आले नव्हते.

मामा म्हणाला, "तू आत काहून आला बे?"

"मैं बाहर ठहरता तो ये मर जाता, इसलिये!" चाचा म्हणाले. "छोड उसको. दम का बीमार है, लिटाके मारते क्या? छोड, नहीं तो तेरी खोपडी पिंज डालूंगा!"

मामाने सळई त्यांच्याकडे वळवली. चाचांनी मोगरी त्याच्या मनगटावर हाणली. सळई खाली पडली, जमिनीवरच्या रुईला लागली आणि भस्सकन जाळ झाला. आई आणि गडी जाळ विझवायला धावले. त्या गोंधळात चाचांनी मला काखेत धरून मागच्या दाराने फरफटत नेलं.

त्यांच्या अंगणात कडुनिंबाच्या फांदीला पिंजण टांगलेली असे, ती माणसाएवढी लाकडी कमान. त्यांनी मला मोड्यावर बसवलं आणि माझे दोन्ही हात त्या कमानीवर टाकले. "लटक जा," म्हणाले. "कुछ मत कर, मास्तर. बस लटक."

मी लटकलो. खांद्यांना आधार मिळाला आणि छातीला थोडी जागा झाली. चाचा मोगरी घेऊन माझ्यासमोर उकिडवे बसले, कोणी जवळ येऊ नये म्हणून. उन्हं कलली तेव्हा शीळ मंदावली. पहिला पुरा श्वास बाहेर गेला तेव्हा मी मोठ्याने रडलो. रडायलाही हवा लागते, हे मला त्या दिवशी कळलं. सखूसाठी मी तोवर रडलो नव्हतो.

तांत

चाचांच्या साऱ्या भाऊबंदांना हा दम होता. "हमारा तो धंदाही ये है," ते म्हणायचे. "रुई हम पिंजते, हमको रुई पिंजती." म्हणून ते उघड्यावर पिंजत, आणि दम लागला की कमानीवर लटकत. दम लागल्यावर त्यांच्या चिलमीत कसली पानं असायची ते मी लिहीत नाही. तीच पानं ओढून त्यांचा एक मेहुणा दोन दिवस भिंतीशी गप्पा मारत होता.

आई माझ्याशी बोलत होती, चाचांशी नाही. मी मात्र रोज सकाळी त्यांच्याकडे जाऊन बसे. पिंजणीला जी तांत लागते ती ते स्वतः करत, बकऱ्याच्या आतड्याची. खाटकाकडून आतडं ऊन-ऊन असतानाच आणत.

एकदा त्यांनी मला बोलावलं. "मास्तर, ये देखो. बकरा कब का मर गया, इसको खबर नहीं." त्यांनी आतड्याला चिमटा काढला. क्षणभर काही झालं नाही. मग चिमट्याच्या जागी ते हळूहळू आवळत गेलं, अंगठी बसावी तसं, आणि ती अंगठी सावकाश पुढे सरकली. कोणी ओढत नव्हतं. मला शिसारी आली आणि मान वळवता येईना.

"हात का गोश्त मालिक की सुनता," चाचा म्हणाले. "ये किसी की नहीं सुनता. मालिक सोया, ये जागता. मालिक मरा, तो भी थोडी देर अपना काम करता." मग सुरीच्या बोथट बाजूने त्यांनी मांस खरवडून दाखवलं. आतल्या थराचे धागे आतड्याला वेढे घालणारे, बाहेरच्याचे लांबीने जाणारे. "ये गोल वाला घोटता, ये लंबा वाला खींचता. दोनों मिलके खाना आगे ढकलते. तांत में ये रहा तो तांत सडती. निकालना पडता."

मी विचारलं, "छातीतही असतं का हे?"

"वो मुझे क्या मालूम? मैं छाती की तांत नहीं बनाता." मग म्हणाले, "अकोले जा. दवाखाना है उधर."

अकोला

बैलांच्या दमणीने दोन दिवस लागले. बसूनच प्रवास केला. दवाखान्याचा डाक्तर पुण्याकडचा, तरणा, बारीक आवाजाचा. माझे छातीवरचे डाग पाहून त्याने ओठ आवळले. नाडी पाहिली, पाठीला कान लावला. मग विचारलं, "कोणत्या दिवशी लागतो?"

मला प्रश्न कळला नाही. तिथी विचारतो आहे का?

"रोज लागतो, की एखाद्याच दिवशी जास्त?"

मी सांगितलं, चौदाव्या दिवशी. तेरा दिवस काही नव्हतं.

"आणि तुमच्या पत्नीला?"

"माहेरहून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्याने हातातला टाक खाली ठेवला. म्हणाला, "इथल्या रेच्यांवरच्या बायका बाजाराच्या सुटीनंतर पहिल्या दिवशी येतात माझ्याकडे. दर आठवड्याला. सुटीत छाती मोकळी होते; मग पहिल्या दिवशी तूस आत गेलं की ती सगळ्यात जोरात आवळते. तुमच्या घरी कोणी कोणाला धरलं नव्हतं, मास्तर."

त्याच्याकडे पितळी नळी होती, खाली आरसा आणि वर भिंग बसवलेली. दुसऱ्या दिवशी त्याने मला तिच्यातून बकऱ्याच्या मांसाचे दोन काप दाखवले. पहिला मांडीचा, त्यातल्या धाग्यांवर बारीक आडव्या रेघा होत्या, लुगड्याच्या पट्ट्यासारख्या. दुसरा आतड्याचा. त्यात रेघ एकही नाही. गुळगुळीत, आणि प्रत्येक कण मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. मी म्हणालो, "ही तर चरख्याची चाती." तो हसला. म्हणाला, "तशाच. हजारो चात्या एकमेकींत टोकं खुपसून निजलेल्या. आतड्यात आहेत, मूत्राशयात आहेत, गर्भाशयात आहेत, रक्ताच्या नळ्यांभोवती आहेत. थंडीने अंगावर काटा येतो तेव्हा केस उभे करणाऱ्याही याच. आणि छातीत श्वासाच्या बारीक नळ्यांभोवती यांचे वेढे आहेत. एरवी त्या नळी किती उघडी ठेवायची ते सांभाळतात. तूस गेलं की आवळतात."

"मग सोडत का नाहीत?"

"सोडतात, त्यांच्या वेळेने. रेघांचं मांस झटकन आवळतं आणि लवकर थकतं. हे सावकाश आवळतं आणि तासन् तास आवळून धरतं, थकत नाही. नाहीतर आतडं रोज दुपारी दमून बसलं असतं. तुमच्या मनाचा यावर हुकूम नाही. दम लागलेल्या माणसाने फक्त टिकायचं असतं, त्या सुटेपर्यंत. बसून, हात टेकून. म्हणजे खांद्यांचं, मानेचं मांस छातीला मदत करतं. तेच थकणारं मांस या न थकणाऱ्याशी झुंजत असतं."

मी विचारलं, "आडवं पाडून धरलं तर?"

तो भिंग पुसत होता. वर न बघता म्हणाला, "तर मारायला वेगळं काही करावं लागत नाही."

मग त्याने वर पाहिलं, माझा चेहरा पाहिला आणि भिंग बाजूला ठेवलं. मी बाहेर पडवीत गेलो आणि स्वतःच्या दंडाला दात लावले, रक्त येईपर्यंत. आजार समजला तो दिवस लोक लक्षात ठेवतात. माझा असा आहे.

शेजारची खाट

मी तिथे तीन आठवडे होतो. सकाळी पेज, मग डाक्तरची फेरी, दुपारी कडू काळी काफी, साहेब लोक पितात ती. तिने छाती सैल होते असं डाक्तर म्हणे, आणि माझी होत असे. रात्री झोपायचं तेही लोडाला टेकून, बसून.

शेजारच्या खाटेवर अकोटकडचे भिकाजीबुवा होते, सत्तरीचे. त्यांचा खडा मूत्राच्या नळीत अडकला होता. कळ आली की ते खाटेवरून खाली पडत, खाटेचा पाय दातात धरून गुरासारखे हंबरत, आणि सगळा दवाखाना कानावर हात ठेवून बसे. डाक्तर म्हणाला, तेच मांस. नळी खड्यावर आवळते आहे, त्याला पुढे ढकलायला बघते आहे.

कळ ओसरली की बुवा घाम पुसत म्हणायचे, "मास्तर, तुमचं वरचं बंद, माह्यं खालचं. दोघाईले एकाच चोरानं धरलं."

एका सकाळी त्यांच्या पितळी भांड्यात टण्णकन आवाज झाला. बुवा ओरडले, "पोट्टं झालं! पाहा रे, पोट्टं झालं!" खडा चार बोटांत धरून त्यांनी साऱ्या खाटांवर फिरवला. सखू गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो. हसताना खोकला आला नाही.

परत

घरी आलो ते काफीची पुडी घेऊन. आईला म्हटलं, कापूस बाहेर काढू, रेचे अंगणात घेऊ.

"लोकं सावरून सावरून कापूस आत ठेवून राहिले, अन् तू बाहेर काढून राहिला? वाऱ्यानं रुई उडन तं कोन भरन?"

मी तूस समजावलं, नळ्या समजावल्या. ती ऐकत रेचा फिरवत राहिली. आडवं पाडण्याबद्दल डाक्तर काय म्हणाला ते मात्र मी सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून नाही. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, तू काय धरलं होतंस. मी शाळेच्या पडवीत निजायला जाऊ लागलो. आळीत बोललं जाई की मास्तरच्या मेल्या बायकोने त्याला घराबाहेर काढलं. लोक सखूचं नाव घेऊन पोरांना भेडसावू लागले. मी तेही ऐकून घेतलं.

आई

पुढच्या हंगामात आई अंजनगावला लग्नाला गेली. आठ दिवस राहिली. आली, आणि दुसऱ्या दिवशी रेच्यावर बसली. मला त्या दिवशी कळायला हवं होतं. मी शाळेत बेरजा शिकवत होतो.

घरी आलो तेव्हा ती आधीच जमिनीवर उताणी पडली होती. तिला कोणी पाडलं नव्हतं. ती स्वतःहून निजली होती. ओठ जांभळे. बाजूला शेगडीत मामाची सळई लाल झालेली. तिने मला पाहिलं आणि दोन्ही पाय जुळवून सरळ केले. एकेक शब्द तोडून म्हणाली, "धर. पाय. नारायना."

"माय, उठून बस."

तिने मान हलवली. "सखू. लागली. धर."

"मामा, तिला उठवा. बसवा तिला."

मामा म्हणाला, "हो बाजूले. अकोल्याचं शहाणपण अकोल्यात ठेव." आणि एका हाताने मला ढकलून सळई उचलली.

मी आयुष्यात कोणाला मारलं नव्हतं, शाळेतल्या पोरांचे कान सोडून. मी सळई धरली. तापलेल्या बाजूनेच हातात आली. चर्र आवाज झाला. सोडली असती तर ती आईच्या छातीवर गेली असती, म्हणून सोडली नाही. हिसका देऊन ओढली, दुसऱ्या हातात घेतली आणि मामाच्या खांद्यावर पूर्ण जोराने हाणली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. तो खाली बसला. "मामावर हात टाकतो, मास्तरड्या!" मी परत मारली. तो रांगत दाराबाहेर गेला.

मग मी आईला काखेत धरून उठवायला गेलो आणि ती माझ्याशी लढली. माझा गाल तिने ओरबाडला, केस ओढले. तिला खात्री होती की मी तिला मारतो आहे. मी तिच्यापुढे पाठ करून बसलो, तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवरून पुढे घेतले आणि तिच्याच पदराने माझ्या गळ्यापाशी बांधले. ती माझ्या पाठीवर ओणवी झाली. मी मोठ्याने चाचांना हाक मारली. ते आले, पाहिलं, चुलीकडे गेले आणि काफीचं आधण ठेवलं.

तिची छाती माझ्या पाठीला लागून होती. आतली शीळ मला माझ्या हाडांत ऐकू येत होती. मी एकच सांगत राहिलो, "काही करू नको, माय. लटक. ते आपोआप सुटतं." चाचांनी वाटीने तिला थोडी थोडी काफी पाजली. थुंकली, शिव्या दिल्या, मग प्यायली. दिवेलागणीच्या आधी तिचा एक लांब श्वास माझ्या मानेवर आला. ऊन. पुरा.

नाव

तिसऱ्या दिवशी ती माझ्या तळहाताला लोणी लावत होती. मागे चाचांची तांत वाजत होती. तिने बोट पुन्हा लोण्यात बुडवलं. मग म्हणाली, "सखूलेबी असंच बसवलं असतं तं?"

"लोणी पुरे, माय," मी म्हटलं.

"मास्तर हायस न? जबाब दे."

"वाचली असती, माय."

तिने चिंधी गुंडाळली, टोक दातांनी फाडलं, गाठ मारली.

"तू पाय धरले होते."

"हो."

"छाती म्या दाबली होती." मग म्हणाली, "घुडग्यानं."

तिने पोट धरलं आणि ती ओणवी झाली. मला वाटलं पुन्हा दम लागला. तो नव्हता. मी तिला तशीच राहू दिली.

पुढल्या दिवशी तिने मधल्या घराचं दार उघडलं आणि स्वतः कापूस ओढून अंगणात टाकू लागली, तोंडाला पदर बांधून. मला म्हणाली, "तू हे लिहून काढ. बजारात वाचून दाखव. बायाईले ऐकू जाईन असं. अन् माह्यं नाव टाकजो. लोकं म्हनून राहिले का सखू लागते. माह्यं नाव टाक."

हात बरा व्हायला पावसाळा गेला आणि लिहायला त्याहून जास्त. आता लिहितो.

माझ्या आईचं नाव गंगा. सखूची छाती तिने गुडघ्याने दाबली. सळई तुळशीराममामाची होती. पाय मी धरले. सखूने आम्हा कोणालाही धरलं नव्हतं. तिने फक्त खांब धरला होता, आणि तो आम्ही सोडवला.